घोळीच्या भाजीवरचा चांदवा

ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी बायका आपोआप उगवलेली, हातानं लावलेली भाजी शोधतात. सावेडीच्या एक मावशी अशाच घोळ खुडायला बसल्या होत्या. लांब जायचं कारण नव्हतं. त्यांच्या घरामागं पाण्याचा हौद आहे. हौदाचं पाणी सांडतं त्या ओलीवर घोळीचं मोठं आळं पसरलेलं असतं. दोन मुठी खुडल्या आणि मावशींचा हात थांबला. एका देठावर काळी, काटेरी अळी बसली होती. पलीकडे दुसरी. मोजल्या तर सात निघाल्या.

शेजारच्यानं लगेच सल्ला दिला, "कपाशीवरचं औषध उरलंय माझ्याकडं. मारून टाकू सकाळी." मावशी आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. त्या संध्याकाळी त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, ह्या अळ्या विखारी हायेत का? आन् ही भाजी आता खावी का टाकावी?"

प्रश्न खरा होता. मावशी घोळ घरात खातात, आणि चार जुड्या जास्त झाल्या तर बाजारात विकतातही. अंगणात कोंबड्या आहेत, रांगणारा नातू आहे. कपाशीवरचं औषध तिथं मारलं असतं तर अळ्या मेल्या असत्याच, पण ते औषध कुठं कुठं गेलं असतं ते सांगता आलं नसतं. म्हणून आम्ही म्हणालो, "आजची रात्र थांबा. सकाळी आम्ही येतो आणि बघतो."

सावेडी हे एकेकाळी अहमदनगरच्या बाहेरचं वेगळं गाव होतं. आता शहर तिथवर येऊन पुढं निघून गेलं आहे, आणि २०२४ सालापासून शहराचं व जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं आहे. तरी जुन्या गावठाणात अजून अंगणं आहेत, गोठे आहेत, बांध आहेत. जिथं ओल आहे आणि जिथं कुणी फार साफसफाई करत नाही, तिथं घोळ उगवतेच.

सकाळी पाहिलं. अळ्या बोटाच्या पेरापेक्षा लहान होत्या. अंग काळपट, त्यावर फांद्या फुटलेले काटे. डोकं तांबूस, आणि डोक्यावर पुढं आलेली दोन काटेरी शिंगं. पाहून भीती वाटावी असंच रूप होतं. पण हे काटे टोचत नाहीत आणि त्यांत विष नाही. ते पाखरांना भिववण्यासाठी आहेत, नाटकातल्या राक्षसाच्या मिशांसारखे.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. काटे आणि केस वेगळे. अंगभर बारीक, दाट केस असलेल्या अळीला आपण सुरवंट म्हणतो. काही सुरवंटांचे केस कातडीत शिरतात, आग होते, पुरळ उठतं. म्हणून ओळख पटल्याशिवाय कोणत्याच अळीला हात लावू नये. लहान पोरांना तर मुळीच लावू देऊ नये.

मावशींना आम्ही सांगितलं, "ही चांदव्याची अळी आहे. चांदवा म्हणजे फुलपाखरू. ही मुख्यतः घोळ खाते. तुमची ज्वारी, बाजरी, हरभरा, कांदा यांना ती तोंड लावत नाही. भाजी खायला हरकत नाही, अळ्या नसलेल्या बाजूची खुडा आणि धुऊन घ्या."

मावशी म्हणाल्या, "आवं, एवढ्या घाण अळीचं फुलपाखरू हुणार? कोणतं?"

त्याचं उत्तर त्या दिवशी आम्हांलाही पुरतं देता आलं नाही. कारण चांदवे दोन आहेत. एक छोटा चांदवा, एक मोठा चांदवा. दोघंही घोळीवर अंडी घालतात आणि दोघांच्या अळ्या जवळजवळ सारख्या दिसतात. तेव्हा ठरलं की औषध मारायचं नाही, अळ्या उचलून बरणीतही घालायच्या नाहीत. त्या आहेत तिथंच राहू द्यायच्या आणि रोज बघायचं. रानातल्या कित्येक फुलपाखरांना १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय बरणीत कोंडलेली अळी बहुतेक वेळा आपल्याच चुकीनं मरते.

आधी चांदवा कसा असतो ते सांगतो, म्हणजे तुम्हांलाही तो ओळखता येईल.

छोट्या चांदव्याचा नर पंख पसरून बसला की पाहत राहावं. पंख काळे, मखमलीसारखे. पुढच्या प्रत्येक पंखावर दोन पांढरे डाग, एक मोठा आणि टोकाजवळ एक लहान. मागच्या प्रत्येक पंखावर एक मोठा गोल डाग. दोन्ही बाजू मिळून सहा. काळ्या आभाळात चंद्र उगवावेत तसे ते दिसतात. चांदवा हे नाव आम्हांला त्यामुळंच पटतं. पण खरी गंमत डागांच्या कडेला आहे. समोरून पाहिलं तर डाग नुसते पांढरे. पाखरानं पंख थोडे कलते केले, किंवा आपण दोन पावलं बाजूला सरकलो, की डागांभोवती निळं-जांभळं तेज झळकतं. पुन्हा सरकलो की विझतं. वाटतं, पाखरानं कुठंतरी दिवा लपवला आहे.

पंख मिटले की सगळं बदलतं. पंखांची खालची बाजू तांबूस तपकिरी असते, तीवर पांढरे पट्टे असतात. वाळल्या पानात बसलं तर सापडत नाही.

मोठा चांदवा याहून मोठा. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ७ ते ११ सेंटिमीटर भरतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा होऊ शकतो. त्याच्या नरालाही काळे पंख आणि सहा डाग असतात. पण डागांतला पांढरा रंग थोडा आणि भोवतीचं निळं-जांभळं तेज जास्त. मागच्या पंखाच्या कडेनं बारीक पांढऱ्या टिकल्यांची रांग असते. छोट्याला माळरान, बांध, बागा चालतात. मोठ्याला झाडी आणि सावली आवडते. आपला नगरचा भाग पर्जन्यछायेत येतो, पाऊस कमी. म्हणून मोठा चांदवा बघायचा तर जिथं पाणी आणि झाडी आहे तिथं जावं. नगरच्या उत्तरेला डोंगरगणची घळ आहे, तिथं शोधावं. नाहीतर सरळ अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या रानात.

दोघांच्या नरांची एक खोड सारखीच. उन्हाची एक जागा धरून बसायचं. दुसरं कोणतंही पाखरू तिथून गेलं की उठून त्याच्या मागं लागायचं, त्याला हाकलायचं आणि परत त्याच जागी येऊन बसायचं. बांधावरून भांडणारे भाऊबंद आपण पाहिलेले आहेत, तेव्हा हे नवं वाटणार नाही. ओळखीला मात्र ही खोड फार उपयोगी आहे. पाखरू उडून गेलं तर मागं धावू नका. तिथंच गप्प उभे राहा, बहुधा ते परत येतं.

पुष्कळ लोक कोणत्याही काळ्या-निळ्या फुलपाखराला राणी पाकोळी म्हणतात. ते चूक आहे. राणी पाकोळी, जिला नीलवंत असंही म्हणतात, ती बरीच मोठी असते. पंख पसरले तर १२ ते १५ सेंटिमीटर. तिच्या मागच्या पंखावर निळा रंग सांडल्यासारखा पसरलेला असतो आणि त्यात काळे ठिपके असतात. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं तिला राज्याचं फुलपाखरू ठरवलं. तिची अळी घोळ खात नाही. तिला लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं लागतात.

रंग नसलेला रंग

डागांभोवतीचं जांभळं तेज कधी दिसतं, कधी दिसत नाही. असं का?

फुलपाखरू धरलं तर बोटाला पूड लागते. ती पूड म्हणजे बारीक खवले. घराच्या छपरावर कौलं बसवतात तसे हे खवले पंखावर रांगेनं बसवलेले असतात. बहुतेक खवल्यांत खराच रंग असतो, काळा, तांबडा, पिवळा. कपडा रंगात बुडवावा तसा. पण चांदव्याच्या जांभळ्या तेजात तसा रंग नसतो. त्या खवल्यांवर अतिशय बारीक धारा असतात, आणि प्रत्येक धारेत एकावर एक पातळ पापुद्रे असतात. हे पापुद्रे इतके पातळ की एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्या एका भागाहूनही ते पातळ भरतात.

उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात, हे तुम्ही इंद्रधनुष्यात पाहिलं आहे. ऊन या पापुद्र्यांवर पडतं तेव्हा थोडा उजेड वरच्या पापुद्र्यावरून परत फिरतो, थोडा खालच्या. पापुद्र्यांतलं अंतर असं असतं की परत फिरलेल्या उजेडातला निळा-जांभळा भाग एकमेकाला जोर देतो, बाकीचे रंग फिके पडतात. उजेडाची वाट तिरकी झाली की हिशेब बदलतो आणि तेज विझतं. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात ते यामुळेच. रस्त्यावरच्या पाण्यात डिझेलचा थेंब पडला की रंगीत कडी उमटतात, त्याही यामुळेच.

खोटं वाटत असेल तर एक करून बघा. कपड्याला घालायच्या निळीचा खडा कुटा. पूड निळीच राहते, कारण तो खरा रंग आहे. आता गळून पडलेल्या मोरपिसाचा निळा भाग कात्रीनं बारीक करा आणि खलबत्त्यात चांगला कुटा. निळी पूड मिळणार नाही. हाती येते ती काळपट तपकिरी भुकटी. पापुद्रे मोडले, निळा गेला. वर्गातल्या एका तरुणानं हे घरी करून पाहिलं आणि आईची बोलणी खाल्ली, कारण पीस देवघरातलं होतं.

हौदाच्या कडेला

आता मावशींच्या अळ्यांकडे परत येऊ.

अळीचं काम एकच, खाणं. अंडं साधारण चार दिवसांत फुटतं आणि त्या दिवसापासून ती खात सुटते. तिची कातडी मात्र अंगाबरोबर वाढत नाही. पोराला गेल्या वर्षीचा सदरा घट्ट व्हावा तशी ती घट्ट होते. मग अळी एका जागी बसून राहते, कातडी फाटते, आणि आतून नव्या, सैल कातडीची अळी बाहेर येते. पाचव्यांदा मिळालेली कातडी शेवटची. मावशींना देठावर एक रिकामी काळी टरफली सापडली तेव्हा त्यांना वाटलं की अळी मेली. ती टाकून दिलेली जुनी कातडी होती.

सातांपैकी सगळ्या जगल्या नाहीत. दोन साळुंक्यांनी नेल्या, असं मावशींची सून म्हणते. एक सुस्त झाली आणि तिच्या अंगातून तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोश बाहेर पडले. हे एका बारीक गांधीलमाशीचं काम. ती जिवंत अळीच्या पोटात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात. ऐकायला ओंगळ आहे. पण याच जातीच्या माश्या शेतातल्या पिकांवरच्या अळ्याही मारतात, आणि त्याचे पैसे मागत नाहीत. औषधानं अळीच्या आधी ही माशी मरते, हे शेतकऱ्यानं विसरू नये.

पहिल्या दिवसानंतर दहा-बारा दिवसांनी उरलेल्या चारही अळ्या घोळीवरून नाहीशा झाल्या. मावशी निरोप घेऊन आल्या, "गेल्या सगळ्या!" आम्ही म्हणालो, "खाली वाकून बघा, दगडाखाली, विटेखाली." पोट भरलं की अळी अन्न सोडून आडोसा शोधत निघते. शोधल्यावर दोन सापडल्या, हौदाच्या कठड्याच्या खालच्या अंगाला. उरलेल्या दोन कुठं गेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दोघी उलट्या लोंबत होत्या. अळीनं आधी दगडावर रेशमाची लहान गादी विणली होती, आणि तीत शेपटीकडचे आकडे अडकवून डोकं खाली सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी पाठीवरची कातडी उकलली. आतून निघालं ते ना अळी, ना पाखरू. एक तपकिरी, खडबडीत, टोकेरी गाठोडं. वाळलेल्या पानाच्या चुरगळीसारखं. हाच कोश.

कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या झुमक्यासारखा चकाकणारा कोश तुम्ही पाहिला असेल. तो दुसऱ्या, काळ्या-तपकिरी फुलपाखराचा. त्याचं नाव पुढं येणार आहे. चांदव्याचा कोश तसा नटवा नसतो.

कोशाच्या आत काय होतं? अळी तशीच्या तशी राहून तिला पंख फुटतात असं नाही. तिचं पुष्कळसं अंग आत विरघळतं, जणू खीर होते. पण अळीच्या अंगात लहानपणापासूनच काही बीजं निजलेली असतात. पंखाचं बीज, डोळ्याचं बीज, लांब पायांचं बीज. विरघळलेल्या अंगाचा आहार घेऊन ही बीजं आता वाढतात. पानं कुरतडणारा जबडा जातो आणि मध ओढणारी, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सोंड येते. हे सगळं सात-आठ दिवसांत. आपल्याकडे जुनं घर पाडून नवं बांधायला वर्ष जातं आणि गवंडी तरी सापडत नाही.

पितृपंधरवड्यात एका सकाळी मावशींच्या नातवानं हाक मारली. आदल्या दिवशी पहिला कोश काळवंडला होता, त्याच्या सालीतून पंखाची नक्षी दिसत होती. आम्ही पोचलो तेव्हा कोश फुटला होता. पाखरू रिकाम्या सालीला धरून लोंबत होतं. पंख लहान, ओले, चुरगळलेले, धुऊन पिळलेल्या चोळीसारखे. हळूहळू त्याच्या अंगातलं पाणी पंखांच्या शिरांत भरत गेलं आणि पंख उलगडले. खाली दगडावर दोन-तीन तांबडे थेंब पडले. मावशी दचकल्या, "रगात!"

ते रक्त नव्हे. कोशात असताना साठलेली घाण पाखरू बाहेर पडल्यावर टाकतं, तिचा रंग तांबूस असतो. मावशींनाच भीती वाटली असं नाही. फ्रान्स देशात १६०८ साली एक्स नावाच्या शहराजवळ भिंतींवर असे पुष्कळ तांबडे थेंब दिसले, आणि रक्ताचा पाऊस पडला म्हणून लोक घाबरून गेले. पेरेस्क नावाच्या एका विद्वानानं जवळच्या कोशातून निघालेल्या फुलपाखरांचे तसेच थेंब दाखवले आणि लोकांची समजूत घातली.

पण आमची फजिती पुढं होती. पंख पुरते उघडले. आम्ही काळ्या मखमलीची आणि जांभळ्या तेजाची वाट पाहत होतो. आणि समोर बसलं होतं नारिंगी रंगाचं फुलपाखरू, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यावर पांढरा तिरपा पट्टा. मावशी हसल्या. "गुरुजी, हे तर रुईवरचं फुलपाखरू! आमच्या बांधावर रोज दिसतंय. तुमचा चांदवा कुठं ग्येला?"

खोटं नाणं

मावशींचं म्हणणं वावगं नव्हतं. रुईवरच्या फुलपाखरात आणि यात नजरेला फरक दिसत नाही. तीच तर यातली खुबी आहे.

रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो विषारी आहे, जनावरं रुईला तोंड लावत नाहीत. रुईवरच्या नारिंगी फुलपाखराची अळी मात्र हीच पानं खाते, आणि त्यातलं विष आपल्या अंगात साठवते. पुढं फुलपाखरू झाल्यावरही ते विष राहतं. एखाद्या पाखरानं ते खाल्लं तर त्याला ओकारी होते. पुन्हा ते पाखरू त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून रुईवरचं फुलपाखरू कसं सावकाश, निर्धास्त उडतं, बघा.

छोट्या चांदव्याच्या मादीत असलं विष नाही. पण तिनं वेश मात्र त्याचाच घेतला आहे. एकदा पोळलेलं पाखरू तिलाही सोडून देतं. मोठ्या चांदव्याची मादीही असाच वेश घेते, पण ती दुसऱ्याचा, काळ्या-तपकिरी हबशी नावाच्या फुलपाखराचा. कण्हेरीवरचा चांदीचा झुमका त्याच हबशीचा.

हेन्री बेट्स नावाचा एक इंग्रज दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉन नदीच्या जंगलांत ११ वर्षं राहिला होता. अशा वेशधारी फुलपाखरांचा उलगडा त्यानं १८६२ साली प्रथम केला. ही लबाडी कुठवर चालते तेही समजून घ्यावं. खोटं नाणं खऱ्या नाण्यांच्या राशीत खपतं. राशीत खोटीच जास्त झाली तर दुकानदार प्रत्येक नाणं वाजवून घेऊ लागतो. तसंच इथं. बांधावर रुई आणि रुईवरची फुलपाखरं भरपूर असली, तरच चांदव्याच्या मादीचा वेश कामाला येतो. बांध जाळून रुई संपवली, तर घोळ जिवंत असूनही चांदव्याचं नुकसान होतं.

मग नर का नाही वेश घेत? जाणकार सांगतात की मादीला अंड्यांचं ओझं घेऊन, झाडं तपासत, हळू उडावं लागतं. तिला आडोशाची गरज जास्त. नराला आपला रंग मादीला दाखवायचा असतो. तो झाकला तर त्याला विचारणार कोण?

दोघींतला फरक ओळखायची खूण एकच पक्की. मागच्या पंखाकडे बघा. रुईवरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात, तीन किंवा चार. चांदव्याच्या मादीला तिथं काही नाही. तिच्या मागच्या पंखावर वरच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. आम्ही हे फळ्यावर काढून दाखवलं. मावशी फळ्याजवळ आल्या आणि ठिपके बोटानं मोजले.

दुसरा कोश दोन दिवसांनी फुटला. तो नर होता. तासाभरानं पंख वाळले, ऊन हौदाच्या कठड्यावर आलं आणि त्यानं पंख उघडले. मावशींची सून पुढं वाकली, मागं झाली, पुन्हा पुढं वाकली. म्हणाली, "हितनं काळं दिसतंय अन् हितनं जांभळं." त्या दिवशी कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

मोठ्या चांदव्याची एक हकीकत इथं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाची बेटं आहेत. तिथं २००१ साली शंभर मोठ्या चांदव्यांत नर जेमतेम एक उरला होता. आईकडून अंड्यात उतरणारा एक जंतू नरांना अंड्यातच मारत होता. आता ही जात संपणार असं वाटत होतं. पण काही थोड्या फुलपाखरांच्या रक्तात त्या जंतूला दाद न देण्याचा गुण होता. त्यांचीच मुलं जगली, वाढली. २००६ सालापर्यंत शंभरात सुमारे चाळीस नर झाले. पाचसहा वर्षांत एवढा फेर. माणसाच्या पिढ्या मोजल्या तर यालाच दोन-अडीचशे वर्षं लागली असती.

कोणती अळी मारावी

वर्गात हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्यानं प्रत्येक अळी जपावी असं आम्ही म्हणत नाही. हरभऱ्यावरची घाटे अळी पीक बुडवते, तिचा बंदोबस्त करावाच लागतो. श्रीगोंद्याकडे लिंबाच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्याला लिंबावरची अळी ठाऊक असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून वास सोडते. नव्या लावलेल्या रोपांची ती पानंच्या पानं संपवते. झाडं थोडी असतील तर ती हातानं वेचून काढावी. मोठ्या, भरलेल्या झाडाचं चार अळ्यांनी काही बिघडत नाही. आणि वर सांगितलेल्या राणी पाकोळीची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर जगते.

तेव्हा आधी विचारावं, ही कोणत्या झाडावर बसली आहे? ते झाड आपलं पीक आहे का? घोळीवरच्या अळीबद्दल उत्तर सरळ आहे. ती जे खाते ते आपण लावलेलं नाही, आणि दोघांना पुरेल इतकं आहे.

घोळीच्या बाबतीत खरी भीती अळीची नाही, फवाऱ्याची आहे. मावशी कधी कधी बाहेरच्या रानातून घोळ आणत. आम्ही विचारलं, "त्या रानात तणनाशक मारतात का?" त्यांना माहीत नव्हतं. तणनाशक झाडाच्या आत भिनतं. पान दोन-तीन दिवस हिरवंच दिसतं, मग पिवळं पडतं. वरून धुतल्यानं आतलं औषध जात नाही. ज्या रानात फवारणी झाली असेल तिथली घोळ, माठ, तांदुळजा काहीही खाऊ नये आणि विकूही नये. रानाच्या मालकाला विचारूनच भाजी खुडावी. विचारायची लाज वाटत असेल तर ती भाजी आणूच नये. मावशींनी त्या आठवड्यापासून बाहेरची घोळ बंद केली. बाजारातल्या चार जुड्यांचे पैसे बुडाले, हे आम्ही लपवत नाही. आता हौदाचं सांडपाणी त्यांनी चर काढून आणखी दोन हात पुढं नेलं आहे. तिथं घोळ पसरू लागली आहे.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. हौदाजवळ एक नारिंगी फुलपाखरू घोळीवर घिरट्या घालत होतं. बसे, उडे, पुन्हा बसे. पान पायानं चाचपून पाही. मग त्यानं पोट वाकवून शेपूट पानाच्या खालच्या अंगाला टेकवली आणि क्षणात उचलली. मावशींनी पान हळूच उलटून पाहिलं. खसखशीएवढं, फिकट हिरवट, काचेसारखं अंडं चिकटलं होतं. अंगावर उभ्या बारीक रेघा.

"रुईवरचं का चांदवा?" आम्ही विचारलं.

पाखरू शेजारच्या पानावर पंख पसरून बसलं होतं. मावशींनी डोळ्यांवर हात धरला आणि थोडा वेळ निरखून पाहिलं.

"एकच ठिपका," त्या म्हणाल्या. मग पान होतं तसं सोडलं आणि टोपली घेऊन आळ्याच्या दुसऱ्या कडेला खुडायला बसल्या.